रत्नागिरीचे सडे : आठ महिने वाळवंट, चार महिने फुलबाग

कोकण म्हटले की नारळी-पोफळीच्या बागा, लाल मातीची वाट आणि समुद्रकिनारा एवढेच चित्र मुंबई-पुण्याच्या पर्यटकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. रत्नागिरी जिल्ह्याचा फार मोठा भाग या चित्रात मावत नाही. खाडीकाठचे गाव मागे टाकून, पाखाडीच्या पायऱ्या चढून वर गेले की माडांची दाटी एकाएकी संपते आणि समोर काळपट-तांबूस कातळाचे विस्तीर्ण सपाट माळरान पसरलेले दिसते. स्थानिक बोलीत त्याला 'सडा' म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी तेथे उभे राहणाऱ्याला आपण राजस्थानात तर नाही ना, अशी शंका यावी. दगड तव्यासारखा तापलेला असतो, सावलीला धड झुडूपही नसते आणि गवताच्या वाळलेल्या काड्या वाऱ्यावर नुसत्या खडखडत असतात. हाच सडा ऑगस्टच्या अखेरीस निळ्या, जांभळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांनी भरून जातो.

अमेरिकेतील किंवा दक्षिण आफ्रिकेतील वाळवंटात वसंत ऋतूत उमलणारी रानफुले पाहण्यासाठी तंबू घेऊन हजारो माणसे जातात. महाराष्ट्रात त्याच तोडीचा सोहळा वसंतात नव्हे, भाद्रपदात होतो. त्यासाठी साताऱ्याच्या कास पठारावर गर्दी लोटते. रत्नागिरीचे सडे मात्र बहुसंख्य पर्यटकांच्या दृष्टीने गणपतीपुळे आणि पावसच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून मागे पडणारी ओसाड जागा एवढेच राहिले आहेत. सरकारी दप्तरांतही त्यांची ओळख फारशी वेगळी नाही आणि त्यांच्यापुढील खरा प्रश्न तोच आहे.

पाऊस भरपूर, पाणी नाही

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशाला वाळवंटाची उपमा देणे वरवर पाहता हास्यास्पद ठरेल. परंतु वनस्पतीच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा मुळांपाशी किती ओलावा किती काळ टिकला, याला महत्त्व असते. सड्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे वीतभर आणि पुष्कळ ठिकाणी मुळीच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातळावरून पाण्याचे पाट वाहतात, ऑक्टोबरच्या उन्हाने पंधरवड्यात सारे सुकते आणि पुढचे सात-आठ महिने थेंबही मिळत नाही. म्हणजे एकाच जागी वर्षातून एकदा दलदल आणि एकदा वाळवंट. दोन्ही अवस्था सोसू शकेल अशीच वनस्पती येथे टिकते. मोठे वृक्ष टिकत नाहीत.

हा कातळ म्हणजे जांभा. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची उष्ण, दमट हवेत दीर्घकाळ झीज होत गेली, त्यातील विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून घट्ट झाली. लोहामुळे त्याला तांबूस रंग आला. ताजा खणलेला जांभा तुलनेने मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. म्हणूनच कोकणात त्याचे चिरे पाडून घरे, गडगे आणि विहिरी बांधण्याची पद्धत पडली. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश निरीक्षकाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात मलबारातील अशाच दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले, ते 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. मलबारातील लोक या दगडाचे विटांसारखे ठोकळे कापत होते, हे त्याने पाहिले होते.

'सडा' या शब्दाचा एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. घाटावरच्या मराठी माणसाला सडा म्हटले की अंगणातला शेणसडा किंवा प्राजक्ताखाली पडलेला फुलांचा सडा आठवतो. कोकणात तो भूरूपाचा शब्द आहे आणि गावांच्या नावांतही तो शिरला आहे. रत्नागिरी शहराजवळचे सडामिऱ्या हे त्याचे ठळक उदाहरण. भाद्रपदात मात्र दोन्ही अर्थ एकाच जागी खरे ठरतात.

फुलांचे वेळापत्रक

सड्यावरची फुले एकदम येत नाहीत. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी रंग बदलतो. पहिला मान कंदवर्गीय वनस्पतींचा. वर्षभर कातळाच्या भेगेत दडून राहिलेले कंद मृगाच्या सरींबरोबर जागे होतात. त्यांतील सर्वांत देखणी म्हणजे दिपकाडी. शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकणेन्स. लांब दांड्यावर पांढरीशुभ्र फुले धरणारी ही वनस्पती कोकणपट्टीखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही, आणि कोकणातही ती प्रामुख्याने सड्यांच्याच आश्रयाने राहते. जूनअखेर, जुलै हा तिचा काळ. रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी फोडशीही याच सुमारास उतारांवर उगवते.

जुलैचा पाऊस गवतांचा आणि पाणवनस्पतींचा. कातळातील खळग्यांत पाणी साठून लहान-मोठी डबकी तयार होतात. त्यांतील वनस्पती, शेवाळ, बेडकांची पिल्ले आणि सूक्ष्म जीव यांचा सारा संसार डबके आटण्यापूर्वी उरकावा लागतो.

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य हा फुलांचा ऐन हंगाम. ओलसर हिरवळीवर सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले हजारोंच्या संख्येने येतात. त्यांच्यामध्ये गेंदाची पांढरी, टाचणीच्या डोक्यासारखी फुले उभी असतात. कवल्याची पिवळी फुले, आभाळीची निळसर-जांभळी फुले, तारागुच्छाचे नाजूक झुबके आणि कडेच्या दगडांतून डोकावणारा तेरडा यांची त्यात भर पडते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' या म्हणीने हे झुडूप उगीच बदनाम झाले आहे. कोकणातील अनेक घरांत गौर म्हणून याच तेरड्याची रोपे वाजतगाजत आणली जातात, आणि गणपतीवरच्या माटवीला बांधायची रानफुले-रानफळे गोळा करायलाही माणसे सड्याच्या आणि रानाच्या कडेलाच जातात.

गेंदांच्या एका जातीला या जिल्ह्याचे नावच मिळाले आहे. एरिओकॉलॉन रत्नागिरिकम ही ती जाती. ग्लायफोक्लोआ या गवताच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातही रत्नागिरी आहे. ही दोन्ही नावे सर्वसामान्य वाचकाच्या कानावरून कधी गेलेली नसतील; परंतु रत्नागिरीचे नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत केवळ हापूसमुळे नाही, एवढे त्यावरून समजते.

सप्टेंबरच्या अखेरीस गवत पिवळे पडू लागते, फुले विरळ होतात आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात सडा पुन्हा आपल्या मूळ रूपावर येतो. सगळीच झाडे मात्र मरत नाहीत. काही गवते आणि नेचे पूर्ण वाळून कागदासारखे होतात आणि पाऊस पडताच काही तासांत पुन्हा हिरवे दिसू लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा शुष्कता सोसणाऱ्या ६२ वनस्पती-जाती नोंदवल्या आहेत. उघड्या खडकांची पठारे हे त्यांचे मोठे आश्रयस्थान. दुष्काळात तग धरणारी पिके तयार करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना या गवतांत रस आहे, तो याच कारणाने.

फुले पाहताना मांसाहारही दिसतो

सड्यावरच्या मातीत नत्र अत्यल्प. ती उणीव भरून काढण्यासाठी काही वनस्पतींनी कीटक पकडण्याची कला साधली आहे. दवबिंदू या नावाच्या वनस्पतीच्या पानांवर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब चमकत असतो. दव समजून टेकलेला कीटक तेथेच अडकतो व पानातून पाझरणाऱ्या रसाने हळूहळू विरघळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात गुडघे टेकून पाहिले तर हे नाट्य साध्या डोळ्यांनीही दिसते.

सीतेच्या आसवांचे काम अधिक छुपे. फुलाकडे पाहून या वनस्पतीचा संशयही येत नाही. तिच्या जमिनीखालच्या तंतूंवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला, की दार उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात हे घडते. ही वनस्पती मुळासकट उपटून घरच्या कुंडीत लावण्याचा मोह काही पर्यटकांना होतो. खतमिश्रित मातीत आणि नळाच्या पाण्यावर ती जगत नाही.

शनिवार-रविवारची भटकंती

मुंबईहून कोकण रेल्वेने किंवा राष्ट्रीय महामार्ग ६६ ने रत्नागिरी गाठता येते. पावसाळ्यात रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो; रस्त्याचे चौपदरीकरण तर वर्षानुवर्षे रेंगाळत आल्याने प्रवासाच्या वेळेचा अंदाज बांधताना हात सैल ठेवलेला बरा. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी रत्नागिरीत उतरणे सोयीचे. गणेशोत्सवाचे आठ-दहा दिवस मात्र टाळावेत. त्या दिवसांत चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात, गावातली घरे पाहुण्यांनी भरलेली असतात आणि घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांनाही स्वतःच्या घरचा गणपती असतो.

ज्यांच्यापाशी वेळ थोडा आहे त्यांना शहरालगतचे चंपक मैदानही पुरेसे आहे. शहराच्या उंबरठ्यावर असूनही तेथील कातळावर या वनस्पतींपैकी कितीतरी पाहता येतात. पूर्ण दोन दिवस हाती असल्यास दक्षिणेकडचा रस्ता धरावा. भाट्याचा पूल ओलांडून स्वामी स्वरूपानंदांच्या पावसमार्गे पूर्णगडाला जावे. तेथे मुचकुंदीची खाडी ओलांडली की गावखडी आणि पुढे राजापूर तालुक्यातील कशेळी. या संपूर्ण वाटेवर रस्ता एकदा खाडीच्या काठी उतरतो आणि एकदा सड्यावर चढतो. प्रत्येक चढावर फुले वेगळी नसली तरी त्यांचे प्रमाण वेगळे असते. एका सड्यावर गेंदांचे राज्य, तर पुढच्या सड्यावर कवल्याचे. उताराची दिशा, मातीची खोली आणि पाणी किती दिवस साचते, यांवर ते अवलंबून असते.

कशेळीच्या सड्यावर पावलांना थांबवणारी आणखी एक गोष्ट आहे. जांभ्याच्या कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती. त्याच्या देहरेषेच्या आत मासे, पक्षी, पशू अशा सत्तरहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ नंतर केलेल्या शोधमोहिमेतून अशी शेकडो कातळशिल्पे उजेडात आली. ती कोणी व का कोरली हे निश्चित झालेले नाही. काही अभ्यासक त्यांचा काळ सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेतात. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला. त्या यादीतील नऊ ठिकाणांपैकी कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात ठिकाणे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत.

कातळशिल्पे पाहण्यास खरे तर कोरडा हंगाम चांगला, कारण तेव्हा रेषा स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात कोरीव भागांत पाणी साचते, शेवाळ धरते. तरीही फुलांच्या दिवसांत ती पाहण्यात वेगळीच गंमत आहे. एरवी अभ्यासाचा विषय वाटणारी रेघ त्या दिवसांत पाण्याने भरून आभाळाचे प्रतिबिंब दाखवते. शिल्पावर पाय ठेवू नये, खडूने रेषा रंगवून छायाचित्रे काढू नयेत. ही सूचना अनावश्यक वाटण्याजोगी असली तरी ती वारंवार करावी लागते.

रविवारी सकाळी कशेळीचे कनकादित्य मंदिर आणि आडिवऱ्याची महाकाली पाहून देवीहसोळला जाता येते. तेथे आर्यादुर्गेच्या मंदिरानजीकच मोठे चौकोनी कातळशिल्प आहे. अंगात आणखी बळ असेल त्यांनी राजापूर ओलांडून देवाचे गोठणे गाठावे. तेथील सड्यावर कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे पाहण्यासाठी पुष्कळ जण येतात. एका दिवसात सर्व ठिकाणे उरकण्याचा अट्टहास मात्र करू नये. सड्यावरचे सौंदर्य गुडघ्याच्या खालच्या उंचीवर आहे. गाडीतून उतरून दहा मिनिटांत परतणाऱ्याला हिरवळीखेरीज काही दिसत नाही.

तंबू, दगड आणि फुरसे

सड्यावर मुक्काम करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी निघण्यापूर्वीच ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही जमीन बेवारस नाही. जिल्ह्यात सरकारी वनजमीन अत्यल्प आहे आणि बहुतेक सडे खाजगी, तेही अनेक हिस्सेदारांच्या सामाईक मालकीचे. मोकळे रान दिसले म्हणून तंबू ठोकणे हा कोणाच्या तरी घरात शिरण्याचाच प्रकार होय. ग्रामपंचायतीत किंवा गावातील जाणत्या माणसाकडे विचारणा करावी. बहुतेकदा परवानगी मिळते, आणि त्याबरोबर कोणत्या बाजूला जाऊ नये याची माहितीही मिळते. ती परवानगीपेक्षा अधिक मोलाची असते.

दुसरी गोष्ट तंबूची. कातळात खुंटी शिरत नाही. म्हणून आपल्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू लागतो. त्याचे दोर ताणण्यासाठी आसपासचे दगड उचलण्याची सवय गिर्यारोहकांना असते. येथे ती सोडावी. सड्यावर सुट्या पडलेल्या दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल राहते. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस हे तिचे शास्त्रीय नाव. १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून तिची प्रथम नोंद झाली. दक्षिण कोकणातील सड्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे तिचे अस्तित्व जवळजवळ नाही. दिवसाच्या उन्हापासून आणि शत्रूपासून तिला वाचवणारे छप्पर म्हणजे तो एक दगड. पाण्याने भरलेल्या पिशव्या दोराला बांधल्या तरी तंबू वाऱ्यात टिकतो.

त्याच दगडाखाली फुरसेही असू शकते. रत्नागिरीचा जांभ्याचा प्रदेश फुरशांसाठी पूर्वापार कुप्रसिद्ध आहे. इंग्रजी अमदानीत सरकारने येथे फुरशी मारण्यासाठी बक्षिसे लावली होती. जेमतेम हात-दीड हात लांबीचा, मातकट रंगाचा हा साप डिवचला गेला की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर असा आवाज करतो. अंधारात विजेरीखेरीज चालू नये, घोट्यावर येणारे बूट घालावेत, बूट पायात घालण्यापूर्वी झाडून घ्यावेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे प्रकार न करता अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. भारतात वापरले जाणारे बहुगुणी प्रतिविष फुरशाच्या विषावरही उपयोगी पडते. विंचवाचीही तीच काळजी. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपले काम शेजारच्या रायगड जिल्ह्यातील महाडमध्येच केले, ही या पट्ट्याशी निगडित असलेली गोष्ट.

सर्वांत मोठा धोका मात्र आभाळातून येतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात आणि विजा पडू लागतात. सपाट सड्यावर उभा असलेला माणूस हाच तेथील सर्वांत उंच बिंदू ठरतो. गडगडाट ऐकू येताच गाव गाठावे. म्हणूनच अनुभवी भटके दिवसा सड्यावर हिंडतात आणि रात्री खालच्या वाडीत मुक्काम करतात. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि मिळाल्यास एखादी रानभाजी असे जेवण तेथे मिळते, आणि चार पैसे सड्याच्या मालकांच्या घरी जातात.

चालताना उघड्या कातळावर पाय द्यावा, हिरवळीवर देऊ नये. बोटभर मातीच्या त्या गादीला बुटाची एक टाच पुरेशी असते. डबक्यात साबण वापरू नये. सड्यात मुरलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली उतरते, तळाच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी त्यावर चालतात.

सातबाऱ्यावरचा सडा

एवढे सारे असूनही सरकारी भाषेत ही जमीन पडीक ठरते. सातबारा उताऱ्यावर कातळाची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते, तर भातशेतीपलीकडच्या हलक्या जमिनीला 'वरकस' म्हणतात. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशांतही उघडे खडक ओसाड प्रदेशातच मोडतात. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिचा काहीतरी उपयोग केला पाहिजे, हा विचार मग ओघाने येतो.

त्यातील पहिला उपयोग आंब्याचा. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोकणातील वरकस जमिनींवर कलमांच्या बागा झपाट्याने उभ्या राहिल्या. कातळावर सुरुंगाने खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचे, ही पद्धत रूढ झाली. या बागांनी हजारो कुटुंबांना उत्पन्न दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही या कष्टांचा वाटा आहे. फक्त एकदा फोडलेला आणि मातीने भरलेला सडा पुन्हा सडा होत नाही. दुसरा उपयोग चिरेखाणींचा. यंत्राने चिरे काढलेल्या जागी काटकोनी खड्डे उरतात, तेथे गेंद आणि सीतेची आसवे परतत नाहीत.

तिसरा उपयोग मोठ्या प्रकल्पांचा, आणि त्यावरून जिल्हा अनेकदा ढवळून निघाला आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावर भूसंपादन झाले तेव्हा जमीन पडीक की पिकाऊ, हा वाद गाजला. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. २०२२ मध्ये त्यासाठी बारसू परिसराचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तेथील सड्यावर ग्रामस्थांनी आंदोलन केले. रोजगार हवा असलेले आणि प्रकल्प नको असलेले, असे दोन्ही मतांचे लोक त्याच गावांत राहतात. दोन्ही बाजूंच्या भाषणांत आंबा, मासळी आणि कातळशिल्पे येतात. फुलांचा उल्लेख क्वचित.

अभ्यासकांनी मात्र इशारा देऊन बराच काळ लोटला आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा खास विचार करण्याचे काम सोपवण्यात आले होते. त्या गटाचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला. डॉ. अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातील खडकाळ पठारांचा आढावा प्रसिद्ध केला. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसमवेत जागतिक वारसा यादीत गेले. तेथे आता हंगामात प्रवेशशुल्क आणि पर्यटकसंख्येवर मर्यादा आहे. कासची बहुतेक जमीन वनखात्याकडे असल्याने ते शक्य झाले. रत्नागिरीच्या सड्यांना असा एकच मालक नाही. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतील निम्मी मुंबईत. त्यामुळे येथील संरक्षणाचा विचार शासनाच्या आदेशापेक्षा गावकीच्या बैठकीतून पुढे जाण्याची शक्यता अधिक.

तसे एक उदाहरण उक्षीत आहे. कोकण रेल्वेचे स्थानक असलेल्या या गावात सड्यावर सापडलेल्या हत्तीच्या कातळशिल्पाभोवती ग्रामस्थांच्या सहभागातून जांभ्याच्या चिऱ्यांचा कठडा बांधण्यात आला. शिल्प पाहायला येणारे कठड्याशी उभे राहून ते पाहतात आणि गाडीकडे परततात. ऑगस्टअखेरीस आलेल्यांनी त्या कठड्याकडे पाठ करून सड्यावर थोडे पुढे चालत जावे. तेथे कुंपण नाही, फलक नाही, आणि पाय कोठे ठेवायचा हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.